राहिलेला बेसांव

प्रिय आनामावशी,

तुला जाऊन उद्या चाळीस दिवस होतील. एवढ्या दिवसांत मनातल्या मनात तुझ्याशी पुष्कळ बोलले, भांडलेसुद्धा, पण कागद घेऊन बसले ती आजच. तीही तिसऱ्यांदा. पहिला कागद चुलीत घातला, दुसरा अर्धा लिहून फाडला. मध्येच उठून अंगण झाडलं, सकाळी झाडलेलंच. तू असतीस तर ओसरीवरून विचारलं असतंस, "साबू, पायाक भिंगरी लागली काय गो?"

लागलीय. आणि कारण सांगायची लाज वाटतेय. परवा संध्याकाळी आठ वर्षांच्या एका पोरीने माझ्यापुढे हात जोडून बेसांव मागितला आणि मी दिला नाही.

दिवेलागणीची प्रार्थना झाली की मुलाने थोरल्यांपुढे हात जोडायचे, थोरल्याने हात उचलून आशीर्वाद द्यायचा. एवढंच तर असतं ते. आपल्या वाडीत कुणी बेसांव नाकारल्याचं मी कधी पाहिलं नाही. भांडकुदळ फिल्सूसुद्धा मासे चिरता चिरता सुरी खाली ठेवते, हात पदराला पुसते आणि बेसांव देते. मी, दोत्रीन शिकवणारी, रविवारी पोरांना देवाच्या गोष्टी सांगणारी, मला तेवढं जमलं नाही. मी वात सारखी करायचं निमित्त करून आत गेले. बाहेर आले तेव्हा ती पोर पायरीवर तशीच उभी होती, हात अजून जोडलेले.

ती रेजिना. कायतानची नात, तुझी धर्मकन्या.

तुला ठाऊक असलेलंच सगळं मी पुन्हा लिहिणार आहे, मावशी. दोन दिवस तेच डोक्यात फिरतंय, कागदावर उतरल्याशिवाय थांबायचं नाही.

आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची. तू पलतडहून, खाडीच्या त्या अंगाच्या आईच्या माहेराहून, एक पेटी घेऊन आलीस आणि राहिलीस ती राहिलीसच. तुझं लग्न व्हायचं होतं, ते माझ्यापायी राहिलं असं लोक म्हणत. तू म्हणायचीस, "माका कोणी इचारूकच नाय." खरं काय ते तूच जाणे.

मग सरहद्द बंद झाली. पलीकडे पोर्तुगीज, अलीकडे आपला नाका, आणि मधल्या पाण्यावर होडी घालायची नाही असा हुकूम. मी नऊ वर्षांची होते. एका पहाटे बाबा पलतडी जाऊन रिकामी होडी घेऊन परत येताना धरला गेला. चोरटा माल उतरवून आला असा आळ आला. नाक्यावर त्याचं नाव सांगितलं कायतानने, शेजारच्या कायतानने, ज्याच्याबरोबर बाबा एका जाळ्यावर दहा वर्षं मासे मारत होता. होडी जप्त झाली. बाबा चार महिने सावंतवाडीच्या तुरुंगात बसला. सुटून आला तर होडी नाही, करणार काय? मुंबईला जाऊन बोटीवर खलाशांची भांडी घासायला लागला. दीड वर्षाने पत्र आलं की तापाने गेला आणि कुठल्याशा बंदरात त्याला पुरलं. त्या बंदराचं नाव वाडीत कुणाला धड म्हणतासुद्धा आलं नाही. आपल्याला मेणबत्ती लावायला थडगंही नाही.

बाबा कुणाला घेऊन गेला होता, कशासाठी गेला होता, हे त्याने कुणालाच सांगितलं नाही. मला तर नाहीच. मला एवढंच कळत होतं की कायतानने माझा बाप घालवला. आणि त्याच सुमारास तू कपेलाच्या, वाडीच्या लहानशा चर्चच्या, पडवीत दोत्रीन शिकवायला सुरुवात केलीस. पहिला धडा कुठला? शत्रूवर प्रेम करा. पुस्तकात तो कितीतरी पानं पुढे होता! तू पुस्तक मिटूनच शिकवायचीस, त्यामुळे फादरनाही ते कळलं नाही.

तुझी शिकवायची तऱ्हा आठवली की आजही हसू येतं, रागात असले तरी. तू विचारायचीस, "आज कोणाचो राग इलो?" मग बारा पोरं बारा कागाळ्या सांगायची. तू सगळ्या ऐकायचीस, न्यायनिवाडा काही करायची नाहीस. म्हणायचीस, "तो तुका आवडाक व्हयो असा देवान खंय सांगल्यान? त्याचा बरां होऊंदे, इतक्याच म्हण." मग धाकटा बोस्त्यांव डोळे गच्च मिटून म्हणायचा, "देवा, तेचा बरां होऊंदे, पण माझो भोवरो मेळूंदे." तू त्यालाही आमेन म्हणायचीस.

आणि ते चणे! मे महिन्यात वाडीच्या खुरसापुढे, क्रुसापुढे, लदीन व्हायची, प्रार्थना गाऊन झाल्या की उकडलेले चणे आणि खोबऱ्याचे तुकडे वाटायचे. त्या वर्षी तू पोरांना फर्मान काढलंस की पहिली मूठ आपण खायची नाही. ज्या घराशी आपलं बोलणं नाही त्या घरी नेऊन द्यायची. काय सुंदर कल्पना, असं तुला वाटलं असणार. पोरं निघाली द्रोण घेऊन, एकमेकांना ओलांडत, चारी दिशांना. आणि अर्ध्या घटकेत अख्ख्या वाडीला कळलं की कोण कुणाचा दुष्मन आहे. लोकांनी पोटात ठेवलेली भांडणं चण्यांबरोबर दारात येऊन पडली. फिल्सू दारात द्रोण घेऊन उभी, "म्हणजे आमी तुमचे दुस्मान? माका आजपर्यंत ठावकच नाय." त्या एका संध्याकाळी जुनी तीन भांडणं मिटली आणि नवीन पाच लागली. फादरनी तुला बोलावून घेतलं. परत आलीस ती पदर तोंडाला लावून हसत होतीस.

पण हट्टी कसली तू! चण्यांची रीत सोडली नाहीसच. पुढच्या वर्षी फक्त फर्मान बदललंस. आपल्याला ज्याचा राग आहे त्याच्याकडे जायचं नाही, आपला राग ज्याला असेल त्याच्याकडे जायचं. पोरं बसली डोकं खाजवत. स्वतःचा राग सगळ्यांना ठाऊक असतो, दुसऱ्याचा शोधावा लागतो.

मी दोन्ही वर्षं कुणाच्याच हातात चणे दिले नाहीत. पहिल्या वर्षी माझी मूठ कायतानच्या घरी जायला हवी, हे पडवीतल्या प्रत्येक पोराला कळत होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी गेले, त्याच्या आवाठात, अंगणापर्यंत गेले, आणि चणे त्याच्या कोंबड्यांपुढे टाकून आले. तू दारातच उभी होतीस.

"चणे खंय गेले गो?"

"कोंबड्यांक घातलंय."

तू माझ्याजवळ आलीस. मला वाटलं आता पाठीत धपाटा बसणार. तू म्हणालीस, "बरां झालां. त्या घरात कोणाक तरी पावले."

तेव्हा मी तुझा किती दुस्वास केला, सांगू? माझा बाप परक्या मातीत पडलेला आणि तू विनोद करत होतीस.

पुढे मी चौदा वर्षांची असताना कायतानच्या मुलाला मुलगी झाली आणि तू तिची धर्ममाता झालीस. पांढरं लुगडं नेसून, त्या घरचं पोर मांडीवर घेऊन कपेलात बसलीस. मी आगोटीपासून नारळी पुनवेपर्यंत तुझ्याशी बोलले नाही. एका घरात, एका चुलीवरचं जेवून. तू ताट वाढायचीस, मी पाठ फिरवून जेवायची. शेवटी एकदा तोंड उघडलं तेही ओरडायलाच. आठवतं? मी म्हटलं होतं, "बापूस माझो गेलो. तू कोण माफ करणारी?"

तू मागच्या दारी जाऊन नारळ सोलत बसलीस, एक झाला, दोन झाले, पाच झाले. घरात एका नारळाचं काम नव्हतं. मला वाटलं, मी जिंकले.

त्यानंतर आपण बोलायला लागलो, पण एक गोष्ट बाजूला ठेवून. मी शिकले, शिरोड्याच्या शाळेत लागले, तुझे गुडघे धरले तशी रविवारची पोरंही मीच घ्यायला लागले. सगळं शिकवते, मावशी. तो एक धडा मात्र तीन वर्षं गाळत आलेय. पोरांना सांगते, पुढच्या रविवारी. पुढच्या रविवारी कुणाचा तरी सण असतोच.

आणि शेवटचा तो आठवडा. तू खाटेवरून दोनदा म्हणालीस, "साबू, बस गो जरा." दोनदा. मी एकदा वह्या तपासत होते, एकदा दुधाचा उतू जाणारा टोप उतरवायला धावले आणि परत आलेच नाही. तिसऱ्यांदा तू म्हणाली नाहीस. का नाही म्हणालीस? एवढी हट्टी बाई, तेवढ्याच बाबतीत का गप्प बसलीस?

परवा कायतान आला. तेरा वर्षांत पहिल्यांदा आपल्या अंगणात. म्हातारा झालाय, काठी टेकत आला, बरोबर रेजिना. पायरीच्या खाली उभा राहिला. मी बसा म्हटलं नाही. त्याने पोरीला विहिरीकडची अबोली बघायला पाठवलं आणि म्हणाला, "माका आत बोलव नको. भायरच बरां आसा. चेडवाचो चर्चीतलो पयलो प्रसाद येता, तिका तुझ्याकडे दोत्रिनीक बसवूची आसा. पण त्येच्या आदी तुका एक सांगूचा आसा."

मग त्याने सांगितलं. खाली मान घालून, एका दमात, घरून पाठ करून आल्यासारखं.

"माका नाक्यार इचारल्यानी होडी कोणाची, मी नाव सांगलंय. भंयान नाय, रागान. जाळ्यावरसून आमचो तंटो हुतो. पण होडयेत म्हाल नाय हुतो साबू. आना हुती. तिची आवस पलतडी मराक टेकलेली. तुझो बापूस तिका पोचवन येत हुतो."

आत लागलेल्या दिव्याची वात फडफडत होती.

"आना चार दिसांनी परत इली आनि पयली माझ्या दारात इली. म्हणाली, मी जातंय नाक्यार, खरां काय ता सांगतंय. मगे तुरुंगात तुझ्या बापाशीक भेटली, तर तेणा तिका शपथ घातल्यान. तू गेलंस तर चेडवाक कोण बघतला? मगे ती गप रवली. आमी दोघांय गप रवलंव. मराच्या आदी माका बोलावन म्हणाली, कायतान, साबूक तूच सांग. तिका माझ्याकडे बसाक येळ गावना नाय."

एवढ्यात रेजिना अबोलीची दोन फुलं घेऊन पळत आली. आणि दिवा लागलेला बघून, कुणी न सांगता, तिने हात जोडले. पुढचं वर लिहिलंच आहे.

हे तुझं धोरण मला कळत नाही, मावशी. दोन दिवस मी ते उलटंपालटं करून बघतेय. आजी मरायला टेकली होती, तू गेलीस, त्यात तुझा काय गुन्हा? मीही गेलेच असते. बाबाने नेलं, त्याचाही काय गुन्हा? आणि त्याने शपथ घातली ती माझ्यासाठी. म्हणजे बाबा तुरुंगात गेला तो मी नऊ वर्षांची होते म्हणून का? असं बघायला गेलं तर कुणाकुणाला धरायचं?

पण तू मला सांगायला हवं होतंस. नऊ वर्षांची असताना नको. चौदाव्या वर्षी, मी तोंडावर विचारलं तेव्हा? विसाव्या वर्षी? ती शपथ बाबाबरोबर संपली नव्हती का? की तुला भीती वाटली, मी तुझाही तसाच दुस्वास करीन म्हणून? खरं सांगते, केला असता. कदाचित घर सोडून गेले असते. पण ते माझं मी ठरवलं असतं. तेरा वर्षं तू मला एकट्या कायतानचा राग करू दिलास. त्याच्या वाट्याचा मी केला, तुझ्या वाट्याचाही त्याच्याच माथी मारला. आणि त्याने तो गुपचूप सोसला. त्या माणसाला चांगला म्हणायची वेळ तू माझ्यावर आणलीस, याचासुद्धा मला राग येतोय.

आणि आता एक एक आठवत जातं. दर मे महिन्यात, लदीन संपली की, तुझी स्वतःची पहिली मूठ माझ्या ओंजळीत पडायची. दर वर्षी. मी मोठी झाले, शाळेत नोकरीला लागले तरी. मला वाटायचं, मी लाडकी म्हणून. बाकीच्या पोरांपुढे मिरवायचेसुद्धा. तुझं ते दुसऱ्या वर्षीचं फर्मान तूच पाळत होतीस हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? मी पटापट खाऊन टाकायची, आणि तू माझ्या तोंडाकडे बघत उभी असायचीस. काय बघायचीस ग? मी काही बोलेन याची वाट? मला काय ठाऊक होतं म्हणून मी बोलणार होते?

पत्र इथे थांबवून पुन्हा बाहेर जाऊन आले. कायतानच्या घरातून धूर येतोय, कुणीतरी भाकऱ्या भाजतंय. रेजिना आवाठात एकटीच कसलासा खेळ खेळत होती. मला बघून आत पळाली. आठ वर्षांच्या पोरीने मला बघून पळावं, एवढं मी एका संध्याकाळात कमावलं. तिला वाटत असेल, आपलंच काहीतरी चुकलं. पोरांना तसंच वाटतं. मलाही वाटायचं, बाबा गेला ते माझ्यामुळे. आता कळतंय तेव्हा मी फारशी चुकीची नव्हते, आणि तरीही माझी काहीच चूक नव्हती. हे त्या पोरीला कोण सांगणार?

एक गोष्ट मात्र मला तुझ्याशी खरी बोलायची आहे, त्यासाठीच हा सगळा खटाटोप. परवा माझा हात उठला नाही तेव्हा मला कायतान आठवलाच नव्हता. तो समोर उभा होता, काठीवर दोन्ही हात ठेवून, तरी आठवला नाही. ती पोर हात जोडते कशी, बघितलं आहेस ना? बोटं अशी सरळ, अंगठे एकमेकांवर, मान डावीकडे. तंतोतंत तुझी ढब. तूच शिकवलीस. मला समोर तू दिसलीस, आणि तुला द्यायला माझ्याकडे आशीर्वाद नव्हता.

उद्या सकाळी कपेलाच्या पडवीत पोरं जमतील. कायतान रेजिनाला घेऊन येईल की नाही ठाऊक नाही. नाही आला तर मी जाईन बोलवायला, वर्गाच्या आधी, सगळ्यांना दिसेल असं. पायरीवर थांबणार नाही, आत जाईन, आणि त्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून तिचा राहिलेला बेसांव देईन.  कायतानला माफ केलं असं मी म्हणणार नाही, कारण केलेलं नाही. पण त्याचं बरं होऊ दे, एवढं म्हणेन. तूच सांगायचीस, तेवढं पुरे.

आणि तो धडा उद्या शिकवीन. वचन देते. आणखी एक सण शोधणार नाही. पोरं विचारतील, बाई, ज्याचा राग येतो त्याच्यावर प्रेम करायचं म्हणजे कसं? फादरना विचारलं तर फादर काय सांगतील, पुस्तकात काय आहे, मला सगळं पाठ आहे आणि त्यातलं काही उपयोगाचं नाही. तेरा वर्षं मला ते कायतानपासून सुरू करायचं होतं, आणि ते जमत नव्हतं. उद्या मी दुसऱ्या नावापासून सुरू करीन. शत्रूंसाठी प्रार्थना म्हणायची वेळ आली की पोरांदेखत पहिलं नाव तुझं घेईन, आनामावशी. रागावू नकोस. शत्रूवर प्रेम कसं करतात ते मला अजून येत नाही, पण माझ्या दोन शत्रूंपैकी एकीवर मी पाच वर्षांची असल्यापासून जीव टाकत आलेय.

तुझी,
उद्या लवकर उठायची असलेली,
साबू